उमाशंकरच्या कानात

कल्पना करा, तुमच्याकडे लग्नाच्या शूटिंगचा, खांद्यावर घ्यायचा जुना कॅमेरा आहे. समोर विहिरीच्या काठावर एक शेतकरी बसला आहे. या माणसानं नाटकात सोडा, शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी काम केलेलं नाही. आणि तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर संशय हवा आहे. रडणं एक वेळ जमेल, कांदा आहे. राग जमेल, त्याच्या बैलाला कुणी काही म्हणायचा अवकाश. पण संशय? "जरा संशय आल्यासारखं करा" म्हणालात तर तो डोळे बारीक करील, एक भुवई चढवील आणि तुमच्याकडेच बघून विचारील, "आता बरं हाय का?"

काय कराल?

नळदुर्गच्या रामलिंग सलगर यांनी काय केलं, हे शोधायला मी गेले होते. ते माझे आवडते दिग्दर्शक. तुम्ही त्यांचं नाव ऐकलं नसेल. त्यांचे सिनेमे थिएटरला लागले नाहीत, टीव्हीवर आले नाहीत. लग्नाच्या कॅमेऱ्यानं काढले, सीडीवर विकले.

माझे वडील ढोकीला कारखान्यावर ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचे. सीझनमध्ये वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरची लांब रांग लागते आणि ड्रायव्हर लोक तासन्‌तास चहाच्या टपरीवर बसून राहतात. टपरीवाल्यानं टीव्ही ठेवला होता आणि त्यावर सलगरांचे सिनेमे लावायचा. अडचण एवढीच की आपला नंबर आला की उठावं लागायचं. त्यामुळे त्या रांगेतल्या कुणीच कुठला सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पुढं काय झालं यावर ड्रायव्हर ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत भांडत जायचे. शेवटी वडिलांनी कंटाळून सीडी विकत घरी आणली. तिचं नाव 'पाच एचपी'. मी तेव्हा लहान होते. तो सिनेमा मी किती वेळा पाहिला ते मला सांगता येणार नाही.

गोष्ट साधी आहे. दोन चुलतभावांची सामाईक विहीर. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एके दिवशी विहिरीवरची पाच एचपीची मोटार चोरीला जाते. कुणी नेली? भावानं, गड्यानं, का बाहेरच्या चोरानं? सगळे सगळ्यांकडे बघतात. सिनेमा संपतो तरी मोटार सापडत नाही. आजही तालुक्यातली पोरं त्यावर वाद घालतात. सिनेमाच्या मधोमध मोटार चोरीला गेलेली असताना मागं कुठंतरी मोटार चालू असल्याचा आवाज येतो. काहींच्या मते तीच चोरीची मोटार, दिग्दर्शकानं दिलेली खूण.

मी डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. आता धाराशिवला सीसीटीव्ही बसवण्याचं काम करते. या धंद्यात मला एक गोष्ट कळली. लोक चोरासाठी कॅमेरा पाहिजे म्हणतात आणि शिडीवर चढलं की खालून सांगतात, "थोडा डावीकडं घ्या." डावीकडं भावाचं दार असतं. म्हणून असेल, पण 'पाच एचपी' मला दर वर्षी जास्तच आवडत गेला.

त्यातला एक शॉट सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. थोरला चुलतभाऊ विहिरीच्या काठावर शेंगा खात बसलाय. तो हसतोय. तो कुणाकडे तरी, फ्रेमच्या बाहेर, बघतो. हसू तसंच राहतं, पण डोळ्यांतून निघून जातं. तोंड चालायचं थांबतं. हातातली शेंग फोडायची राहते. मग तो मान खाली घालतो आणि पुन्हा वर बघतो, तेव्हा तो दुसराच माणूस असतो. एक शब्द नाही. मी मोठमोठ्या लोकांचे सिनेमे पाहिलेत, अशी मान वर येताना कुठं पाहिली नाही.

नळदुर्गला हायवेच्या बाजूला पिठाची गिरणी आहे. तिच्या शटरवर 'सलगर व्हिडिओ शूटिंग' हे नाव अजून पुसट दिसतं. गिरणी त्यांच्या बायको तारामती चालवतात. मी गेले तेव्हा रामलिंगमामा खाटेवर बसून चाळणीला तार बांधत होते. मी नमस्कार करून म्हणाले, "सर, मी तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत."

त्यांनी मान वर केली नाही. "कुणी पाठीवलं?"

"कुणी नाही. मी स्वतः आले."

"असं कोण येत न्हाय. सर म्हणणारं तर न्हायच न्हाय. आण्णानं पाठीवलं?"

"कोण आण्णा?"

ते तारामतींकडे बघून म्हणाले, "बघ, कोण आण्णा म्हणती. शिकवून पाठीवलंय."

"तुमाला गिऱ्हाईक दळण घिऊन आलं तरी कुणी पाठीवलं इचारताव," तारामती म्हणाल्या. "बस गं बाई. त्यांचं काय मनावर घिऊ नगंस. ह्यांनी जावयाला बी असंच इचारलं व्हतं."

मी बसले. चहा आला. मी मोटारीच्या आवाजाचं विचारलं. मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"उमाची पाण्याची पाळी व्हती. लाईट आली. शूटिंग हाय म्हणून भुईमूग वाळवायचा का?"

उमा म्हणजे उमाशंकर, सिनेमातला धाकटा चुलतभाऊ आणि त्या विहिरीचा खराखुरा वाटेकरी. "म्हणजे ती खूण नाही?" मी विचारलं.

"लोकांला खूण वाटती तर वाटू दे की."

हळूहळू ते बोलायला लागले. घर धनगराचं, मेंढरं राखून वाढलेले. तरुणपणी सोलापूरच्या एका फोटोग्राफरकडे राहून कॅमेरा शिकले आणि परत येऊन लग्नं घ्यायला लागले. त्यांचं सगळं शिक्षण लग्नात झालं. ते म्हणाले, "लग्नात मानपानाचा टाइम आसतो बघ. फेटे बांधायचे, आहेर करायचा. तवा पोरीच्या बापाच्या कानात कुणीतरी येऊन काय तर सांगतंय. बाकीचे शूटिंगवाले त्या दोघांला धरत्यात. म्या मांडवाकडं कॅमेरा फिरवायचा. बापाच्या कानात 'गुलाबजाम कमी पडाया लागलेत' म्हणलेलं आसतंय. पण मांडवातल्या हर एक पाव्हण्याला वाटतंय, आपल्याच फेट्याचं बोलणं चाललंय."

मी चहाचा कप तसाच धरून बसले. तो शॉट मला तेव्हा कळला. कॅमेरा कानात सांगणाऱ्यावर नव्हता, ज्याच्या कानात सांगितलं त्याच्यावरही नव्हता. जो लांबून बघत होता त्याच्यावर होता.

"म्हणजे तुम्ही दुसऱ्या भावाच्या कानात काहीतरी सांगितलंत आणि कॅमेरा याच्यावर चालू ठेवलात?"

"स्टँडवर लावून दिला आन गेलो उमाकडं. बाभळीखाली उभा व्हता."

"काय सांगितलंत?"

 चाळणी उचलून ते आत गेले. तारामती गिरणीच्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या, "ते सोडून काय बी इचार. मला बी सांगितलेलं न्हाय त्यांनी."

परत जायच्या आधी ती विहीर पाहावी, असं मला वाटलं. देवळं बघायला जावं तसे चाहते अशा जागी जातात, त्यात काही चूक नाही. शूटिंग झालं ती वाडी नळदुर्गपासून जवळच होती. विहीर सापडली, पण तिच्या मधोमध आता सिमेंटची भिंत होती, अर्ध्या उंचीपर्यंत. एका बाजूला मोटार होती. दुसऱ्या बाजूचा पाइप कापून टाकलेला होता आणि त्या वावरात लांब बोअरचा केसिंग पाइप दिसत होता. मी मोबाइलवर फोटो काढत होते.

"कुणाची गं तू? मोजणीवाली हायस का?"

मागं काठी टेकून एक म्हातारा उभा होता. दाढी वाढलेली, पण मान मी लगेच ओळखली. सिनेमात थोरला चुलतभाऊ झालेले आण्णासाहेब ते हेच, आणि मामा म्हणत होते ते आण्णाही हेच. मी एवढी खूश झाले की सगळं सांगून टाकलं. वजनकाट्याची रांग, सीडी, तो शॉट, माझं सीसीटीव्हीचं काम.

त्यांना काही आनंद झाला नाही. "रामलिंगानं पाठीवलं व्हय?"

"नाही हो. ते म्हणत होते तुम्ही पाठवलं."

"म्या कशाला पाठवू? बावीस वरसं झाली, त्याचं तोंड बघितलं न्हाय." ते काठावर बसले. जिथं शेंगा खात बसले होते तिथंच बसले का, हे मला विचारायचं होतं, पण मी विचारलं नाही. "पोरी, तुला मशिनीतलं कळतंय म्हणलीस?"

"थोडंफार."

"मग ऐक. त्या दिशी रामलिंग उमाकडं गेला आन त्याच्या कानात कायतरी बोलला. उमानं माझ्याकडं बघितलं. म्या इचारलं, काय म्हणला रं? उमा म्हणला, काय न्हाय. संध्याकाळी इचारलं, काय न्हाय. दुसऱ्या दिशी इचारलं, काय न्हाय. आरं, काय न्हाय सांगाया माणूस एवढा चालत जातंय का? माझं उमाचं आदी पाळीवरनं थोडं व्हतंच. म्या रात्री मोटार चालू ठेवतो, आसं गावात बोललं जायाचं. मला वाटलं तेच सांगितलं. मला वाटलं रामलिंगानं कॅमेऱ्यात धरलं मला."

"ठेवायचात?"

"काय?"

"रात्री मोटार."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाइल खिशात ठेवला. "ते तुझं काम न्हाय. उमा गेल्या साली गेला. बोअरवर गेला, तिथंच छातीत कळ आली. म्या खांदा दिला, पण सुतकात त्याच्या पोराशी एक शबुद बोलू शकलो न्हाय. काय बोलणार? त्याच्या बापाला माझ्याबद्दल काय ठावं व्हतं, त्येच मला ठावं न्हाय. त्या क्यासेटीत आवाज आसंल. तेवढा काढून दे."

आल्या वाटेनं मी परत गिरणीवर गेले. मामा जेवत होते. मी दारातूनच म्हणाले, "मामा, सकाळी कुणी पाठवलं नव्हतं. आता मात्र आण्णांनी पाठवलंय."

त्यांनी घास खाली ठेवला. "मग म्या काय म्हणलो व्हतो?"

"उमाशंकर गेले. तुम्हाला माहीत असेलच."

"म्हाईत हाय."

तारामती भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माती सावडाया बी गेला न्हाय तुमी. कॅमेरा घिऊन सगळ्याच्या दारात जायाचं, आन माणूस मेलं की घरात बसायचं."

 मामा उठले, हात धुतले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. कॅसेट कपड्यात गुंडाळलेली होती. ती माझ्या हातात देताना म्हणाले, "आवाज निघत आसंल तर काढ. तुझ्या मशिनीनं सांगितलं तर मला सांगावं लागायचं न्हाय."

सीडीत तो शॉट कापलेला होता. कॅसेटवर तो पुष्कळ लांब आहे. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाकडून घेतलेला जुना व्हीसीआर होता. पट्टीला बुरशी होती, ती मऊ कपड्यानं हळूहळू पुसून काढली आणि सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. माइक कॅमेऱ्यावरच होता, म्हणजे आण्णांजवळ. मोटारीची घरघर एकसारखी असते, ती सॉफ्टवेअरनं काढता येते. ती काढली. खाली शेंगेचं टरफल फुटलेलं ऐकू आलं. होला पक्षी घुमत होता. फार लांब दोन माणसं उभी आहेत असं वाटण्याइतकी काहीतरी कुजबुज होती, शब्द एकही नव्हता. मी बरेच दिवस त्यावर घालवले. खरं सांगायचं तर शब्द निघाला नाही याचं मला वाईट कमी वाटलं. तो शॉट तसाच राहावा, असं मलाही वाटत होतं. आणि आण्णांचा चेहरा आता ओळखीचा झाल्यावर तो पाहताना पहिल्यासारखी मजाही येत नव्हती.

मी मामांना फोन करून सांगितलं की काही निघालं नाही. पलीकडे गिरणी चालू होती. मग ते म्हणाले, "रविवारी ये. गाडी आण. म्या येतो तुझ्यासंगं."

रविवारी मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून वाडीला नेलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "सांगितलं की त्यो शॉट मरंल."

मी म्हणाले, "मामा, त्या शॉटपायी विहिरीत भिंत पडलीय."

"मला शिकवू नगंस," ते म्हणाले. पण रागानं म्हणाले नाहीत.

आण्णासाहेब ओसरीवर होते. त्यांनी मामांना बघितलं आणि उठले नाहीत, बसही म्हणाले नाहीत. सून पाणी घेऊन आली आणि दोघांकडे बघून आत निघून गेली. मामा पायरीवरच बसले.

"आण्णा, पोरीला आवाज मिळाला न्हाय."

"मग कशाला आलास?"

"सांगाया."

आण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"म्या उमाला म्हणलो, जेवलास का. तेवढंच म्हणलो. त्यो म्हणला, न्हाय, पाळी सपली की जातो. मग म्या खिशातनं भंडारा काढला. त्याच्या हातावर ठेवला. म्हणलो, आण्णानं इचारलं तर सांगायचं न्हाय. शूटिंग संपूस्तवर काय बी सांगायचं न्हाय. त्यानं भंडारा उचलला, कपाळाला लावला. मला दोन दिवस तुमचा चेहरा तसा पायजे व्हता. दोन दिवसच."

 भंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे कुणी सहजासहजी मोडत नाही. कोर्टात गीतेवर हात ठेवून खोटं बोलणारा माणूसही खंडोबाच्या हळदीपुढं अडखळतो.

"जेवलास का?" आण्णा म्हणाले.

"व्हय."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू?"

"तुझा धंदाच त्यो हाय. दोन दिवस म्हणतोस, मग त्यानं तिसऱ्या दिशी का न्हाय सांगितलं?"

मामांनी हात चोळले. "शूटिंग सपलंच न्हाय की. मोटार सापडायचा सीन ऱ्हायला व्हता. तुमी यायचं बंद केलं. पिच्चर म्या तसंच जोडलं. उमाला 'सपलं' म्हणायचं ऱ्हाऊन गेलं. माझ्या ध्यानात बी आलं न्हाय."

मी मामांकडे बघत राहिले. 'पाच एचपी'चा जो शेवट आम्ही डोक्यावर घेतो, मोटार न सापडण्याचा, त्यावर मी स्वतः मोबाइलवर लांबलचक काहीबाही लिहिलं होतं. ते सगळं आण्णा रुसून घरी बसल्यामुळं झालं होतं. तरीही तो शेवट मला आजही बरोबर वाटतो. कसा, ते मला नीट सांगता येत नाही.

आण्णा एकाएकी माझ्याकडे वळले. "पोरी, त्या पिशवीत काय हाय?"

"काही नाही. माझी हत्यारं. स्क्रू ड्रायव्हर, वायर."

"उघड."

मी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी वाकून नीट पाहिलं. एका कामावरून काढून आणलेला डोम कॅमेरा तळाशी होता. तो त्यांनी बोटानं उलटा केला.

"हे काय?"

"बंद आहे तो. बिघडलाय."

"रामलिंगा," ते म्हणाले, "तू आजून शूटिंगच करतुयास."

"न्हाय, आण्णा."

"मग माझ्या तोंडाकडं असा का बघतुयास?"

मामांनी नजर खाली नेली. खरंच ते बघत होते. मी त्यांच्याशेजारीच बसले होते, आणि खोटं का बोलू, मीही बघत होते.

"जेवलास का म्हणलं म्हणून बावीस वरसं," आण्णा म्हणाले. "त्यानं बोअर पाडली. त्या बोअरला पाणी न्हाय लागलं, दुसरी पाडली. भिंत बांधाया गवंडी म्या आणला. आन आता तू सांगतुयास, जेवलास का. असं कोण मानंल? माझ्या जागी तू आसतास तर मानलं आसतं का?"

"न्हाय," मामा म्हणाले.

"मग?"

"म्हणून तर सांगाया येत नव्हतो."

सून चहा घेऊन आली. आण्णांनी बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरली. मला वाटलं, आता आम्ही निघावं. मी पिशवीची चेन लावली. मामा मात्र हलले नाहीत. त्यांच्या आवाजात आता माफी मागायला आलेला माणूस नव्हता. शॉट लागत नाही म्हणून लायटिंगवाल्याला दटावताना त्यांचा आवाज असाच होत असावा.

"आण्णा, माझं बी एक इचारायचं ऱ्हायलंय. जत्रेत पडदा लावून पिच्चर दाखीवलं, तवा तुमी म्होरच्या सतरंजीवर व्हता. उमा मागं बसला व्हता. पिच्चर सपलं, लोकं उठली, आन उमा लोकांतनं वाट काढत येऊन तुमच्या शेजारी बसला. म्या मशिनीपाशी व्हतो, तिथनं बघितलं. शूटिंग तर सपलं व्हतं, त्याला बी दिसलं व्हतं. म्या सपलं म्हणलो न्हाय, पर पडद्यावर सपलं व्हतं. त्यो तुमच्याकडं तोंड करून बसला व्हता, कुणी इचारायची वाट बघावी तसा, लई येळ. तवा तुमी त्याला परत इचारलं व्हतं का?"